रंगकामाचे कारागीर निवडण्यासाठी ‘नमुना भिंत’ : एक पावसाळा आणि एक दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात घरं, दुकानं आणि सोसायट्यांचं रंगकाम घेणाऱ्या मध्यम टीमला उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय. चार माणसांपर्यंत धंदा असला की मालक स्वतः साइटवर असतो, कुणाचा हात कसा आहे ते त्याला रोज दिसतं. माणसं दहाच्या पुढे गेली आणि एका वेळी तीन साइट सुरू झाल्या, की कामं मिळतात पण हात मिळत नाहीत. एप्रिलपासून नवीन कारागीर घेताना आम्ही एकच पद्धत ठेवली: आधी अर्ध्या दिवसाची पगारी नमुना भिंत, मग पंधरा दिवस हजेरीवर (रोजंदारीवर), मग कायम टीममध्ये. सोबत पैशांचे आणि पावसाळ्यातल्या कामाचे नियमही बदलले. एकूण पद्धत चांगली आहे, आम्ही ती चालू ठेवणार आहोत. पण तिच्या मर्यादाही ठळक आहेत.

आधी माणसं कुठून येतात ते. सकाळी वारज्याच्या नाक्यावर किंवा डांगे चौकात उभं राहिलं की विचाराल तो पेंटर असतो. ‘किती वर्षं काम करतोस’ या प्रश्नाचा उपयोग नाही, कारण दहा वर्षं फक्त रोलर फिरवलेला माणूसही दहा वर्षंच सांगतो. मुकादमाकडून सहा जण घेतले तर त्यातले दोन कसलेले, बाकीचे भरतीचे, आणि कोण कुठला हे पहिल्या साइटवर ग्राहकाच्या भिंतीवर कळतं. आयटीआयमध्ये पेंटर (जनरल) हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण आपल्या पट्ट्यात ती मुलं वाहन कारखान्यांच्या पेंट शॉपकडे ओढली जातात. रंग कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रात टेक्स्चर आणि मशीनचं काम चांगलं शिकवतात. मात्र ज्याचा हात आधीच बसलाय त्यालाच त्याचा फायदा होतो. सगळ्यात भरवशाचा रस्ता अजूनही टीममधल्या जुन्या कारागिराने आणलेला माणूस हाच आहे. स्वतःचं नाव पणाला लागतं म्हणून तो कुणालाही आणत नाही. तरीही त्यालासुद्धा भिंतीवर उभं करतो.

भिंत गोडाऊनमध्ये आहे, १० बाय १० फूट, म्हणजे बरोबर एक ब्रास (१०० चौरस फूट). तिच्यात एक स्विचबोर्ड आहे आणि वरच्या कडेला स्लॅबचा कोपरा येतो. तिचे तीन उभे पट्टे केलेत. पहिला कच्च्या प्लास्टरचा, त्यात मुद्दाम ठेवलेली एक खोल खाच. दुसऱ्यावर दोन कोट पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप) मारून पूर्ण वाळवलेली, पण घासलेली नाही. तिसरा प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-कोट) मारून तयार. असं तोडण्याचं कारण सरळ आहे: पुट्टीच्या दोन कोटांत आणि प्रायमरनंतर काही तास थांबावंच लागतं, त्यामुळे एकाच पट्ट्यावर अर्ध्या दिवसात सगळं बघता येत नाही.

पहिल्या पट्ट्यासाठी व्हाइट सिमेंटची पुट्टी ४ किलो देतो आणि पाण्याची बादली भरून ठेवतो, माप सांगत नाही. या पुट्टीला वजनाच्या साधारण ३६ ते ३८ टक्के पाणी लागतं, म्हणजे ४ किलोला दीड लिटर. चांगला कारागीर थोडं पाणी घेऊन त्यात पुट्टी सोडतो, गुठळ्या मोडेपर्यंत फेटतो, दहा मिनिटं मुरू देतो आणि परत एकदा फिरवतो. तेवढ्यात तो भिंतीची धूळ झटकून तिच्यावर पाणी मारून घेतो. कोरड्या प्लास्टरने पुट्टीतलं पाणी ओढून घेतलं तर सिमेंट पकडत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. भिंत न भिजवता थेट पत्रा (पुट्टी पसरवायची पातळ पट्टी) लावणारा माणूस बाकी कितीही सफाईदार असला तरी तिथेच आमचे गुण कापले जातात. भिजवणं हे व्हाइट सिमेंटच्या पुट्टीसाठी आहे. ॲक्रिलिक पुट्टीला त्याची गरज नसते. हा फरक विचारल्यावर जो नीट सांगतो, त्याला मालाची जाण आहे असं धरायला हरकत नाही.

खाचेचं उत्तर तर लगेच मिळतं. पुट्टीचे दोन्ही कोट मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास राहायला हवी. खोल खाच एका दमात पुट्टीने भरली की वाळताना ती आक्रसते, तडा जातो आणि वरचा रंगही त्याच रेषेत फाटतो. जाणता माणूस ‘इथे आधी सिमेंटने भरायला लागेल’ असं म्हणून हात थांबवतो. आणखी एक गोष्ट नजरेखाली ठेवायची: शेवटी पाटीत उरलेली, आवळायला लागलेली पुट्टी तो टाकून देतो की पाणी घालून परत सैल करतो. सैल केलेल्या पुट्टीची नंतर भुकटी होते.

दुसऱ्या पट्ट्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर. घासून झालं की दिवे बंद करायचे आणि एलईडी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, आडवा प्रकाश पाडायचा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर पत्र्याच्या कडांच्या रेषा, बोटभर रुंदीचे खळगे, स्विचबोर्डभोवती राहून गेलेली पुट्टीची कड, सगळं सावलीने उठून दिसतं. मग कोरडा तळहात भिंतीवरून फिरवायचा. हाताला पीठ लागलं तर धूळ पुसलेली नाही, आणि त्या धुळीवर मारलेला प्रायमर भिंतीला धरत नाही. या टॉर्चच्या मिनिटभरात जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही. कारागिरालाही टॉर्च हातात द्यावा. स्वतःचा खळगा बघून जो परत पेपर उचलतो, तो माणूस घ्यावा.

तिसऱ्या पट्ट्यावर स्लॅबच्या कडेने मास्किंग टेपशिवाय ब्रशने कटिंग (कडेची सरळ पट्टी) आणि ९ इंची रोलरने इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा) एक कोट. एक लिटर रंग, मापाचा मग आणि पाणी समोर. बहुतेक इमल्शनच्या डब्यावर लिटरमागे साडेतीनशे-चारशे मिलिलिटर पाणी सांगितलेलं असतं. तो मग उचलतो की अंदाजाने ओततो, एवढं पाहायचं. पाणी जास्त झालं की रंग पुरतो पण झाकत नाही, आणि दोन कोटांचं काम तीनवर जातं. कटिंगची पट्टी वाळायच्या आत रोलर तिच्यात मिसळला नाही तर फ्रेम काढल्यासारखी कड कायम दिसत राहते.

ही चाचणी फुकट घ्यायची नाही. अर्ध्या दिवसाची पूर्ण हजेरी, निकाल काहीही असो, निघताना हातात द्यायची. तिला परीक्षाही म्हणायचं नाही. पन्नाशीच्या मिस्त्रीला ‘तुमची परीक्षा घेतो’ म्हटलं तर तो चहा न घेता निघून जाईल आणि त्यात त्याचं चुकणार नाही. ‘काका, आमच्या भिंतीवर एक नमुना मारून दाखवा’ असं म्हटलं की तोच माणूस मन लावून मारतो.

आता मर्यादा. भिंत हात दाखवते, वेग दाखवत नाही. सावकाश आणि सुरेख काम करणारे या चाचणीत वर येतात, आणि रिकाम्या टू-बीएचकेमध्ये तेच मागे पडतात. म्हणून पुढचे पंधरा दिवस वेग बघायला ठेवलेत. राहत्या घरात तो सामान झाकतो का, ग्राहकाशी कसा बोलतो, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खाडा करतो का, हेही तेव्हाच कळतं. बाहेरच्या कामाला तर ही भिंत लागूच नाही. झुल्यावर (दोरांनी टांगलेल्या फळीवर) जाणाऱ्याची निवड वेगळी करावी लागते: फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा) स्वतः नीट चढवता येतो का, आणि लाइफलाइनचा (हार्नेस अडकवायचा) दोर झुल्याच्या दोरापासून वेगळ्या ठिकाणी बांधायचा हे त्याला न सांगता कळतं का. ज्याला ते कळत नाही त्याला वर पाठवू नये, काम कितीही अडलेलं असो. लाकडाच्या पॉलिशसाठी २ बाय २ फुटांच्या प्लायच्या तुकड्यावर नमुना घेतो, पण पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) पक्का हात असलेली माणसं इतकी कमी आहेत की तिथे निवडीचा प्रश्न क्वचितच येतो.

माणूस निवडणं सोपं, टिकवणं अवघड. पैशांत तीन गोष्टी बदलल्याने मोठा फरक पडला. पहिली, कामाची विभागणी. सगळंच चौरस फुटावर ठेक्याने दिलं की घासकाम आणि प्रायमर उरकला जातो. सगळंच हजेरीवर ठेवलं की शेवटचे कोट रेंगाळतात. आता पुट्टी, घासकाम, प्रायमर हजेरीवर आणि रंगाचे कोट फुटावर. जे काम रंगाखाली झाकलं जातं त्यात घाईने कुणाचाही फायदा होऊ नये, एवढंच त्यामागे आहे.

दुसरी गोष्ट उचल. शनिवारी खर्ची (आठवड्याच्या खर्चापुरते पैसे), दहा तारखेला मागच्या महिन्याचा पूर्ण हिशेब, आणि उचल दहा हजेऱ्यांच्या वर नाही. समजा हजेरी ९०० रुपये असेल तर ९,००० पर्यंत. वीस-पंचवीस हजार उचल घेऊन गावी गेलेला माणूस बऱ्याचदा परत येत नाही. त्याची नियत वाईट असते असं नाही. परत आल्यावर दोन महिने फुकट राबायचं या विचारानेच तो दुसरा ठेकेदार शोधतो. उलट बाजूही तितकीच खरी: ‘पळून जाईल’ म्हणून दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवणाऱ्याकडे चांगला कारागीर थांबत नाही.

तिसरी गोष्ट टोकन. रंगाच्या बादल्यांत कंपनीने पेंटरसाठी ठेवलेली, पैसे मिळवून देणारी टोकनं किंवा स्कॅन करायचे कोड कोणाचे, यावरून टीममध्ये जितकी कुरबूर होते तितकी हजेरीवरून होत नाही. ज्याने बादली उघडली त्याचं टोकन असं ठेवलं की गरज नसताना बादल्या उघडल्या जातात. आता साइट संपल्यावर सगळी टोकनं हजेरीच्या प्रमाणात वाटली जातात, हेल्परलाही वाटा मिळतो. रंगाची नासाडी त्यानंतर लगेच कमी झाली.

पावसाळ्याचा नियम खिशाला सगळ्यात जड गेला. जूनपासून बाहेरचं काम थांबतं, आणि हवेतल्या दमटपणाने मेलामाइनवर (लाकडाच्या पॉलिशवर) पांढुरकी झाक येते म्हणून पॉलिशही बेभरवशाचं. तरी महिन्याला किमान २० हजेऱ्यांची हमी दिली, म्हणजे वरच्याच हिशेबाने माणशी १८,००० रुपये. त्यासाठी राहत्या फ्लॅटची आतली कामं आणि दुकानं कमी नफ्यात घ्यावी लागली. पण दसरा ते दिवाळी, जेव्हा प्रत्येक ठेकेदार दुप्पट हजेरी देऊन माणसं ओढतो, तेव्हा आमची टीम जागेवर होती. उत्तर प्रदेश-बिहारची मंडळी दिवाळी-छठला जाणारच, त्यांना अडवू नये. नवीन कामाच्या तारखाच त्याप्रमाणे द्याव्यात. मराठवाड्यातले पेरणीला आणि गावच्या जत्रेला जातात. दोन्हीकडची माणसं ठेवली की साइट पूर्ण बंद पडत नाही.

कागदपत्रांत हयगय नको. वर्कमेन कॉम्पेन्सेशनची (कामावरच्या अपघाताच्या भरपाईची) पॉलिसी टीमच्या नावाने हवीच. ज्यांचं बँक खातं आहे त्यांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते. ती प्रत्येकाला काढून द्यावी. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरीवही नीट असेल तर तो द्यायला आपल्याला काही खर्च येत नाही, आणि कारागिराच्या घरी त्याचं मोल फार असतं.

पद्धत सुरू करायची असेल तर एक अडचण आधीच सोडवून ठेवा. प्रत्येक नमुन्यानंतर भिंत परत पूर्ववत करायला दीड-दोन दिवस जातात आणि थरावर थर चढून पहिला पट्टा कच्चा राहतच नाही. आम्ही आता ८ बाय ४ फुटांच्या सिमेंट शीटवर प्लास्टरचा पातळ हात मारून तीन-चार तुकडे तयार ठेवतो. नवीन प्लास्टरला पाणी मारून पुरेसं मुरू द्यायचं, म्हणजे २८ दिवस, नाहीतर ओलावा राहतो आणि चांगल्या कारागिराचीही पुट्टी फुगते. शीट भिंतीला चार स्क्रूंनी पक्की आवळा. ती हलत असेल तर पत्र्याच्या रेषा येणारच, आणि दोष माणसावर जाईल.