प्लास्टिकचा सांगाडा: हाडांची ओळख करून द्यायला झकास, लढाई समजून घ्यायला अपुरा

मिरजेतल्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून पूर्ण उंचीचा, १७० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा सांगाडा घेतला. घासाघीस करून साडेआठ हजारांना पडला. सोबत लोखंडी स्टँड, खाली चाकं, वर धुळीसाठी आवरण. मी निवृत्त एक्स-रे टेक्निशियन. रविवारी आमच्या घरी इतिहासाचं वेड असलेली कॉलेजची पोरं जमतात, त्यांच्यासाठी घेतला. नर्सिंगवाल्यांनी हा अभिप्राय त्या हिशेबाने वाचावा.

सध्या आमच्याकडे हिमेरा चालू आहे. इटलीजवळच्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ग्रीकांचं प्राचीन शहर. इ.स.पू. ४८० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हमिल्कार चालून आला, तेव्हा सिसिलीतल्याच दुसऱ्या दोन ग्रीक शहरांचे राज्यकर्ते, अक्रागासचा थेरॉन आणि सिराक्यूजचा गेलॉन, यांनी मिळून त्याला धूळ चारली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेज परत आलं. या खेपेला सिराक्यूजची कुमक आली खरी, पण वेढा चालू असतानाच माघारी फिरली आणि शहर बेचिराख झालं. अलीकडे रेल्वेमार्गाच्या कामात तिथली दफनभूमी उघडी पडली. तीत दोन्ही लढायांतल्या सैनिकांच्या सामूहिक कबरी निघाल्या. काही सांगाड्यांत भाल्याची पाती तशीच रुतलेली होती.

आता सांगाडा. कवटी एक नंबर. वरची टोपी हुक काढले की सुटते, शिवणी नीट उठून दिसतात, जबडा स्प्रिंगवर उघडतो. कमरेच्या हाडाची मागची खाचही बरी जमली आहे. तिच्यात अंगठा घालून हलवून पाहायचा: जागा मोकळी असली तर बहुधा बाई, अंगठा अडकला तर बहुधा पुरुष. आमच्या सांगाड्यात अंगठा अडकतो. पोरांनी हा खेळ इतका केला की त्या जागेवर डाग पडलाय.

वय काढायला गेलं की मात्र घोडं पेंड खातं. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक मुख्य हाडाशी सगळ्यात उशिरा जुळतं, पार पंचविशीच्या पुढे. जन्मभर फिल्मवर बघितलंय मी ते. सैनिक कोवळा होता की मुरलेला, हे अशा टोकांवरून कळतं. इथे सगळं साच्यातून जुळूनच आलंय. कमरेची दोन हाडं पुढे भेटतात तिथे तरुणपणी वरंबे-सऱ्या असतात, वयाबरोबर त्या सपाट होत जातात. या मालात तो सांधा एकसंध ओतलाय, वर पिवळट रंगाची पट्टी मारून मोकळे!

आणि दात. सैनिक गावचे की बाहेरचे, हा हिमेराचा सगळा खटला दातांवर उभा आहे आणि आमच्या सांगाड्याचे दात म्हणजे एक सलग पांढरी पट्टी. शेवटी शेजारच्या डेंटिस्टकडून काढलेली एक दाढ मागून घेतली, त्यांनीच ती मधोमध कापून दिली. कडेचा तो चकचकीत थर, ते इनॅमल. लहानपणी एकदा बनलं की बदलत नाही. हाड जन्मभर झिजतं-भरतं, इनॅमल नाही. ज्या गावचं पाणी प्यायलं, धान्य खाल्लं, तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम (एक धातू, त्याच्या प्रकारांचं प्रमाण जागेजागी वेगळं) त्यात कायमचं बसतं. २०२१ मध्ये हिमेराच्या ६२ सैनिकांचे दात असे तपासले. ४०९ चे सुमारे तीन चतुर्थांश स्थानिक निघाले, ४८० चे जेमतेम एक तृतीयांश.

पोरं म्हणाली, "काका, मग ते बाहेरचे म्हणजे सिराक्यूज-अक्रागासचेच असतील की." रास्त शंका. पण पुढच्याच वर्षी डीएनएचा अभ्यास आला. ४८० च्या काही जणांचं मूळ थेट उत्तर युरोप, स्टेप (युरेशियातली गवताळ मैदानं) आणि कॉकेशसकडचं निघालं. म्हणजे भाडोत्री. एक मुलगी पटकन म्हणाली, "गारदी!" म्हणजे पेशवाईतले पगारी शिपाई. पानिपतावर इब्राहिमखान जीव तोडून लढला, तेव्हा पैसे घेतले म्हणजे निष्ठा नाही असं कुठाय, यावर मग तासभर जुंपली. माझं मत विचाराल तर हिरोडोटस खोटं बोलत नाही. मित्रराज्यांची नावं त्याने घेतली, पगारी माणसं गाळली, एवढंच.

सेवेबद्दल. डाव्या पंजाच्या तारा सैल आल्या होत्या. दुकानदाराने कुरकुर न करता पंजा बदलून दिला. नव्या प्लास्टिकचा वास आठवडाभर घरात होता, सौभाग्यवतींनी सांगाडा गॅलरीत काढला आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तो भाग वेगळा.

हाडांची नावं, जागा, डावं-उजवं शिकायचं असेल तर पैसे वसूल. जुन्या सांगाड्यांचं काम समजून घ्यायचं असेल तर तेवढ्याच पैशांत सुट्या हाडांचा संच बघा. तो टांगता येत नाही, पण हाड हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवता येतं आणि सांध्यांची तोंडं दिसतात. घेताना कमरेची दोन हाडं वेगळी निघतात ना आणि दात एकेक सुटे आहेत ना, हे दुकानातच डबा उघडून बघा. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक कवटीचा.