साठीनंतर: यावलचं घर की पुण्यातला फ्लॅट?

मुलगा पुण्यात, आई-वडील यावलला. आमच्या खान्देशात हे आता घरोघरी. माझं मत गावाकडे झुकतं. कळण्याची भाकरी, ओट्यावरच्या गप्पा, केळीच्या बागेत एक चक्कर, यातच सत्तरीतल्या माणसाचा दिवस सरतो. फ्लॅटमध्ये नातवंडं मिळतात, डॉक्टर जवळ असतो, पण दुपार खायला उठते. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत, म्हणून येणं-जाणं परवडतं.

मात्र दोघांपैकी एक गेलं की हिशेब बदलतो. एकट्या आईला रात्री ताप चढला तर शेजारीण तरी किती धावणार? तेव्हा तिला पुण्याला न्यावं. घर विकू नये. किल्ली तिच्याच कनवटीला राहू द्यावी.