मुलींचं कॉलेज की को-एड? ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एकदा वाच

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की नात्यातल्या, ओळखीतल्या मुलींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई, फॉर्ममध्ये पुण्याचं मुलींचं कमिन्स वर टाकू की को-एड पीआयसीटी, व्हीआयटी? मुंबईची असेल तर मुलींचं उषा मित्तल की एखादं को-एड? घरात तोवर दोन पार्ट्या पडलेल्या असतात, आजी आणि बाबा म्हणतात मुलींचंच बरं, आणि मुलगी म्हणते चार वर्षं नुसत्या मुलींमध्ये काढायची म्हणजे बोअर होणार. मी बीई मुलींच्या कॉलेजात केलं, एमटेक को-एडमध्ये, आता गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दोन्हीकडचं आतून बघितलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. दोन्ही कॉलेजं ब्रांच आणि दर्जात तुल्यबळ असतील तर पहिली डिग्री मुलींच्या कॉलेजात कर. फक्त सेफ्टीसाठी नको, लॅबसाठी कर.

सेफ्टी हे कारण मला का पटत नाही ते सांगते. मुलींची कॉलेजं सुरू झाली तेव्हा कारण वेगळंच होतं, बाकीची दारं बंद होती. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये डॉक्टर झाल्या त्या पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून, आणि ते कॉलेज 1850 ला निघालंच होतं मुळी बायकांना कोणी मेडिकलला घेत नव्हतं म्हणून. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 ला विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 ला महिला विद्यापीठ. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली, तेव्हा त्यांच्या आईच्या नावावरून ते एसएनडीटी झालं. कर्व्यांच्याच संस्थेनं 1991 मध्ये कर्वेनगरला कमिन्स काढलं, 1994 मध्ये आर्किटेक्चरचं बीएनसीए. आज दारं उघडी आहेत, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजपासून सगळीकडे मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत आणि मार्क असतील तर जनरलमधूनही सीट मिळतेच. मग आज मुलींचं कॉलेज निवडायला आजचं कारण पाहिजे ना. नुसतं 'पोरगी सुरक्षित राहील' एवढंच म्हणून टाकलं तर ती चार वर्षं जपून ठेवल्यासारखी राहते आणि कॉलेजचा खरा फायदा घ्यायचा राहूनच जातो.

तो खरा फायदा प्रॅक्टिकलला दिसतो. को-एडमध्ये चार-पाच जणांचा ग्रुप असतो, त्यात एखाद-दुसरी मुलगी, मेकॅनिकलला तर तेवढीही नसते कधीकधी. कोणी मुद्दाम ठरवत नाही, कोणाच्या मनात वाईटही नसतं, पण दोन-तीन आठवड्यांत कामं वाटली गेलेली असतात, मशीनपाशी मुलगे आणि रीडिंग लिहून घ्यायला मुलगी, कारण 'तुझं अक्षर चांगलंय'. मग जर्नल तिचं सगळ्यात व्यवस्थित असतं, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा ग्रुप तेच उतरवून काढतो, आणि तोंडी परीक्षेत तिला सगळं येतंही. हात मात्र कधी लागलेला नसतो.

मुलींच्या कॉलेजात हे होऊच शकत नाही, कारण मशीनपाशी जायला दुसरं कोणी नाहीच. फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय मला, ॲप्रन घातलेला, वेणी आत खोचलेली, ओढणी आणायचीच नाही अशी सक्त ताकीद, आणि लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या जबड्यात, घट्ट बसवायचा तर चक कीला सगळं अंग टाकून जोर लावावा लागायचा. आमचे वर्कशॉपचे सर मदतीला यायचे नाहीत, लांब उभे राहून फक्त म्हणायचे 'की काढली का चकमधून? मग कर सुरू.' टूल जॉबला टेकलं की आवाज बदलतो, तो आवाज बरोबर आहे की कट जास्त घेतलाय हे एकदा कानाला कळलं की कळलं, ते जर्नल लिहून येत नाही. ग्रुपमधली जी घाबरायची तिलाही टर्न आला की उभं राहावंच लागायचं, कारण मागे उभ्या असलेल्या सगळ्याजणी पण तिच्यासारख्याच पहिल्यांदा लेथ बघत होत्या, हसणार कोण.

एमटेकला को-एडमध्ये गेले तेव्हा फरक जाणवला. टेस्ट रिग, म्हणजे चाचणीची जोडणी, लावायची होती, मी सवयीनं पाना उचलून फ्लँजचे बोल्ट काढायला बसले आणि माझ्याबरोबरची मुलगी, थिअरीत माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, वही घेऊन बाजूला उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. नंतर ती म्हणाली की बीईला चार वर्षं हेच केलं गं, हात लावायची वेळच आली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, कारण त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

लॅबच्या बाहेरही तेच. गॅदरिंग म्हण, टेक फेस्ट म्हण, पुरुषोत्तम नाहीतर फिरोदिया करंडकाच्या नाट्यस्पर्धेची टीम म्हण, मुलींच्या कॉलेजात सगळंच मुली करतात. मांडववाल्याशी घासाघीस करायची, स्पॉन्सरशिपसाठी लक्ष्मी रोडची दुकानं पालथी घालायची, स्पीकर उचलून टेम्पोत चढवायचे, लाईटच्या शिडीवर चढायचं, नाटकात म्हातारबा व्हायचं ते पण आणि पोस्टर रंगवायचं ते पण. को-एडमध्ये मुली पुढे नसतात असं नाही, कितीतरी को-एडमध्ये जीएस मुलगी असते आणि उत्तम काम करते, पण तिथे तिला ती जागा मिळवावी लागते. इथे जागा रिकामीच असते, कुणीतरी घ्यायलाच हवी, आणि म्हणून ज्या मुलीला स्वतःहून 'मी करते' म्हणायला जमत नाही तिच्यासाठी हे कॉलेज सोन्यासारखं आहे. लातूर, यवतमाळ, सांगलीकडून आलेल्या, वर्गात शंका विचारायला लाजणाऱ्या मुली सेकंड इयरपर्यंत एचओडींच्या केबिनमध्ये जाऊन भांडताना बघितल्यात मी.

आणि एक साधी गोष्ट जी माहितीपत्रकात कधी नसते, टॉयलेट. मुलींच्या कॉलेजात प्रत्येक मजल्यावर असतं. को-एडमध्ये जुनी मेकॅनिकलची बिल्डिंग असेल तर लेडीज टॉयलेट कधीकधी दुसऱ्याच इमारतीत असतं, आणि पाळीच्या दिवसांत सलग प्रॅक्टिकल असेल तर हे किती महाग पडतं ते प्रत्येकीला माहिती आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती पण खरी आहे. नोकरीला लागले तेव्हा पहिले काही महिने मीटिंगमध्ये माझं वाक्य पूर्णच व्हायचं नाही, कोणीतरी मध्येच बोलायचं आणि मी थांबायचे. को-एडमधून आलेल्या मैत्रिणींना याची चार वर्षांची प्रॅक्टिस होती, त्या सरळ 'थांब, माझं होऊ दे' म्हणायच्या. मला ते शिकायला वेळ लागला. शिवाय मुलांशी सहज, बिनकामाची मैत्री, कट्ट्यावर बसून चहा पीत केलेला टाईमपास, ते को-एडमध्ये आपोआप होतं आणि मुलींच्या कॉलेजात त्यासाठी बाहेर पडावं लागतं, इंटर्नशिप, ट्रेकिंगचा ग्रुप, बाहेरच्या स्पर्धा असं काहीतरी. जी मुलगी आधीच मुलींच्या शाळेतून आलीये, मग मुलींचं ज्युनिअर कॉलेज, आणि घरी भाऊ वगैरे नाही, तिला मी खरंच म्हणेन की को-एडचा विचार कर. आणि जी मुलगी शाळेपासून पोरांच्यात क्रिकेट खेळत, भांडत वाढलीये, जिच्या हातातली सोल्डरिंग गन कोणी काढून घेऊच शकत नाही, तिला मुलींच्या कॉलेजाची तेवढी गरज नाही, तिनं सरळ ब्रांच आणि कॉलेजचं नाव बघावं.

होस्टेलबद्दल खूप गैरसमज आहेत. लोकांना वाटतं मुलींचं कॉलेज म्हणजे कडक आणि को-एड म्हणजे मोकळं. मुलींच्या होस्टेलला गेटची वेळ जवळजवळ सगळीकडेच असते, को-एडच्या लेडीज होस्टेललाही, फरक एवढाच की तिथे मुलांचं होस्टेल उशिरापर्यंत उघडं असतं आणि ते रोज डोळ्यांना दिसतं. 2015 ला दिल्लीत मुलींनी पिंजरा तोड आंदोलन केलं ते याच भेदभावावरून. तेव्हा दोन्हीकडे विचार की लायब्ररी आणि प्रोजेक्ट लॅब रात्री मुलींसाठी किती वाजेपर्यंत उघडी असते. होस्टेलला लागूनच लॅब असेल आणि रात्री तिथे बसू देत असतील तर गेट लवकर बंद होण्याचा त्रास बराच कमी होतो, नसेल तर फायनल इयरला प्रोजेक्टच्या वेळी फार चिडचिड होते.

प्लेसमेंट आणि फी यावर फार वेळ घालवत नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या चांगल्या मुलींच्या कॉलेजातही येतात आणि चांगल्या को-एडमध्येही, आणि कंपन्यांचे जे खास मुलींसाठीचे प्रोग्रॅम असतात त्यांना को-एडच्या मुली पण बसतात. कोअरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर सोडून आपल्याच ब्रांचच्या कामात, जायचं असेल तर आकडे कॉलेजचे एकत्र न बघता तुझ्या ब्रांचचे माग. 'मेकॅनिकलला मुलींना घेतं कोण' म्हणणाऱ्या काकांना सांग की पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात अख्खी असेंब्ली लाईन बायका चालवतात. फीचं म्हणशील तर 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आणि हे मुलींचं कॉलेज असो की को-एड सारखंच लागू आहे. पण ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, हवी, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही, आणि होस्टेल-मेसचा खर्च आपलाच.

आर्ट्स, कॉमर्स, सायन्सवाल्यांसाठी हिशोब जरा वेगळा आहे. मुंबईत चर्चगेटचं एसएनडीटी किंवा सोफिया, पुण्यात सेंट मीराज, नागपुरात एलएडी, ही सगळी नावाजलेली आहेत, पण आर्ट्सच्या वर्गात को-एडमध्येही बऱ्याचदा मुलीच जास्त असतात, त्यामुळे माझं लॅबवालं म्हणणं तिथे तेवढं लागू होत नाही. तिथे विषयांचं कॉम्बिनेशन आणि कोण शिकवतं ते बघ. सायन्सला मात्र लॅबचा मुद्दा परत येतो. सीयूईटी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीला जायची तयारी असेल तर मिरांडा हाऊस बिनधास्त वर टाक, 1948 चं कॉलेज आहे, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या यादीत कितीतरी वर्षं देशात पहिलं होतं, सगळ्या कॉलेजांत, नुसत्या मुलींच्या नव्हे.

आता फॉर्मचं. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना को-एडमध्ये एल अक्षरानं सुरू होणारे कॉलम बघ, ते मुलींच्या जागांचे, बऱ्याचजणी जीचेच, म्हणजे जनरल जागांचेच, बघतात आणि घाबरून चांगली कॉलेजं यादीतूनच काढून टाकतात. ब्रांच आधी ठरव. हवी ती ब्रांच को-एडमध्ये मिळतीये आणि मुलींच्या कॉलेजात नको असलेली मिळतीये तर को-एड घे, उगाच भावनिक होऊ नकोस. खूप वरचं सीओईपीसारखं मिळत असेल तरी तेच घे, फक्त पहिल्या दिवसापासून जर्नल लिहायचं काम आळीपाळीनं करायचं असं ग्रुपला सांग. तुल्यबळ असतील तर मुलींचं वर. आणि कन्फर्म करायच्या आधी दोन्हीकडे एकदा जाऊन ये, शक्यतो प्रॅक्टिकल चालू असताना, गेटवर नाही सोडलं तर तिथे शिकणारी ओळखीची कोणी शोध. लॅबच्या दारात दहा मिनिटं उभी राहा आणि मशीनवर कोणाचे हात आहेत ते बघ.