विरघळणारे टाके: कॅटगट की व्हिक्रिल?

कॅटगट म्हणजे मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यातल्या कोलॅजनचा धागा. स्वस्त, पण त्याला शरीरातली विकरं (एन्झाइम) तोडतात. त्यामुळे जखमेभोवती सूज जास्त, आणि ताकद किती दिवस टिकेल ते माणसागणिक बदलतं. संसर्ग झाला तर आणखीच लवकर सुटतो.

व्हिक्रिल हा कृत्रिम धागा: 90 टक्के ग्लायकोलाइड, 10 टक्के लॅक्टाइड या दोन रसायनांच्या साखळीचा. त्याचे बंध पाण्याने तुटतात, म्हणून वेळापत्रक बरंचसं ठरलेलं. दोन आठवड्यांनी सुमारे 75 टक्के ताकद शिल्लक, साधारण 56 ते 70 दिवसांत धागा नाहीसा. बाळंतिणीच्या टाक्यांत दुखणंही कमी.

‘मॅड काउ’ या गुरांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या धास्तीने ब्रिटनमध्ये 2001 साली कॅटगट बाद झाला. किंमत सोडली तर त्याच्या बाजूने मला फारसं काही दिसत नाही.