केर्न्स ते कुकटाउन: भाड्याची हायलक्स आणि छतावरचा तंबू

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून टोयोटाची हायलक्स फोर बाय फोर भाड्याने घेतली, छतावर फोल्डिंगचा तंबू, मागे छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, आणि डेनट्रीच्या जंगलातून ब्लूमफील्ड ट्रॅक या कच्च्या रस्त्याने कुकटाउनला जाऊन आलो. गाडी एकदम पैसा वसूल, तंबू ठीकठाक.

बुक करताना ब्लूमफील्ड ट्रॅकला परवानगी आहे का ते लेखी घ्याच. बऱ्याच कंपन्या फोर बाय फोर देतात पण करारात नेमका हाच रस्ता बंद असतो, आणि पाण्यात गाडी घालून झालेलं नुकसान सहसा इन्शुरन्समध्ये बसत नाही. आमच्यावाल्यांनी मेलवर स्पष्ट हो म्हटलं म्हणून त्यांच्याकडे गेलो.

डेनट्री नदी केबल फेरीने पार केली की केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी रस्ता, तिथवर साधी कार पण जाते. तरी सावकाश चालवा, आम्हाला एका वळणावर कॅसोवरीचा (शहामृगासारखा मोठा, न उडणारा पक्षी) नर पट्टेरी पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडताना दिसला (पिल्लं बापच सांभाळतो), इंजिन बंद करून बघत बसलो, काय देखणा पक्षी आहे!

पुढे कच्चा रस्ता. एमॅजेन क्रीकला पाणी गुडघ्याच्या खाली, तळाचे गोटे दिसत होते. आपल्याकडे ओढा आला की कोणीतरी उतरून आधी चालून बघतं ना, तसं इथे अजिबात करायचं नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा मुलूख आहे. समोरून एक गाडी येत होती, तिच्या चाकाला पाणी कुठवर लागतंय ते बघितलं आणि मग आपली घातली. डोनोव्हन रेंज या डोंगराचा चढ इतका उभा की बॉनेटपुढे नुसतं आभाळ, आणि उतरताना लो रेंज (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा मोड), पहिला गिअर, ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनवर हळूहळू उतरली, कुठे घसरली नाही. टायर नवे होते त्याचे मार्क वेगळे.

डेनट्री नदी ते केप ट्रिब्युलेशन या भागात लाइनची वीज नाही, लोक सोलर आणि जनरेटरवर राहतात, मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच, त्यामुळे फ्रिजसाठी दुसरी बॅटरी होती ते फार बरं झालं.

तंबू पटकन उघडतो, पण हवा जुलैमधल्या कोकणासारखी दमट, सकाळी गादी उचलली तर खालून ओली आणि फळीवर पाण्याचे थेंब. गादीखाली जाळीची मॅट द्यायलाच हवी होती. खाण्याचं सामान रात्री गाडीत बंद ठेवा, इथले पांढऱ्या शेपटीचे मोठे उंदीर प्लॅस्टिकचे डबे सुद्धा कुरतडतात.

मे ते ऑक्टोबरमध्येच जा आणि निघायच्या आधी रस्ता चालू आहे का बघा. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर वादळानंतरच्या पुरात वाटेवरचं वुजल वुजल गाव पूर्ण रिकामं करावं लागलं होतं. आणि आईबाबा बरोबर असतील तर तंबूवाली गाडी नको, रात्री अंधारात त्या शिडीवरून उतरणं गुडघेदुखीवाल्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी केप ट्रिब्युलेशनला केबिन घ्या.