गुऱ्हाळातला खोटा ८५: डिजिटल तापमान प्रोब, एका हंगामानंतर

दिवाळीनंतर घेतलेला डीएस१८बी२० प्रोब (रसात बुडवायची, ताप मोजणारी नळी) आणि आकडा दाखवणारी त्याची पेटी शिमग्यापर्यंत आमच्या निपाणीजवळच्या गुऱ्हाळात रोज वापरली. मला बोलायचंय ते ८५ या एका आकड्याबद्दल.

काहिलीतला रस तापत असतो, ६९, ७०, ७१, आणि मधेच पेटीवर ८५ येतो. नेमकी उकळी फुटायच्या आधी मळी (रसातला मळ) वर येते, ती तेव्हाच काढावी लागते, आणि ८५ दिसला की ती वेळ आली असं वाटतं. कामाच्या घाईत एकदा नजर टाकणाऱ्याला हा ८५ खरा की खोटा, कळणार कसं? एका आधणाला त्यावर विसंबून जळव्याला (चुलीत जळण घालणाऱ्याला) जाळ मंद करायला सांगितलं. मळी पुरती वर आलीच नाही, पुढे उकळीत रसातच घोळली आणि गूळ काळपट उतरला. त्या रव्यांना (ढेपांना) भाव मिळाला नाही.

विक्रेत्याला चार फोन केले. ‘प्रोब गेलाय, नवीन घ्या,’ एवढंच उत्तर. पदरचे पैसे घालून नवीन घेतला, त्यातही तोच ८५! तेव्हा या प्रोबला मी नाही नाही ते बोललो. ते सगळं मागे घेतो.

पुतण्या बेळगावात डिप्लोमा करतो, त्याने पेटी उघडली. नळीच्या टोकातली चिप ताप नुसता ओळखत नाही, तिथल्या तिथे त्याचा आकडा करून तोच तारेवरून धाडते. बारा बिटांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीला तिला पाऊण सेकंद लागतो. वीज तुटून परत आली की पहिली मोजणी होईपर्यंत तिच्याजवळ ८५ हाच आकडा असतो. प्रोबची वायर पेटीला जोडणारी आमची पिन वाफेने गंजली होती. रस ढवळताना वायर हलली की वीज तुटायची आणि पेटी दम न धरता तो ८५ दाखवायची. हा आकडा गाळायची सोय पेटी बनवणाऱ्याने करायला हवी होती, तो राग आहेच. पिन काढून थेट डाख दिला. जानेवारीपासून खोटा ८५ एकदाही नाही.

आता दोन काहिलींचे दोन प्रोब एकाच तारेवर आहेत. प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा नंबर, त्यामुळे सरमिसळ होत नाही. हे मला फार आवडलं.

पण गूळ उतरवायला हा घेऊ नका. उणे १० ते ८५ अंशांपर्यंत फरक अर्ध्या अंशाचा, त्यापुढे दोन अंशांपर्यंत जातो, आणि आमचा गूळ ११८ च्या आसपास उतरतो. दोन अंशांत तो चिकट तरी राहतो, नाहीतर करपतो. शिवाय वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडतं. म्हणून शंभरी गाठली की प्रोब बाहेर काढतो. पुढे आमचे गुळवे मामा पाण्यात थेंब सोडून बोटांत गोळी वळतात, ‘साकु’ (कानडीत ‘पुरे’) म्हणतात, आणि काहील उतरते.