शेवटचा घोट कधी घेतला, हे त्यांनी विचारलंच नाही

१,१५,३०० रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण आमच्या घरात तो अजून कोणी मोठ्याने उच्चारत नाही. बुकिंगचे ५,००० यूपीआयने. घरून उचलून नेण्याचे ९,५००. तीन महिन्यांची फी आगाऊ ६६,०००. ‘डिटॉक्स पॅकेज’ १४,०००. रक्ततपासणी ४,८००. कॅन्टीन डिपॉझिट ५,०००. आणि शेवटी आपलाच माणूस परत मिळावा म्हणून ‘अर्ली डिस्चार्ज’चे ११,०००. एकूण २९ दिवस. व्यसनमुक्ती केंद्र म्हणवणाऱ्या त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

नंबर कुठून मिळाला हे सांगायची गरज नाही. मोबाइलवर शोधलं की वर येतात तेच, चोवीस तास हेल्पलाइन, ‘शासनमान्य’, ‘१०० टक्के खात्री’. फोनवरचा ‘काउन्सेलर’ गोड बोलला, वहिनीला ताई म्हणाला, तिचं रडणं शांतपणे ऐकून घेतलं. नंतर वहिनीने असेच आणखी दोन नंबर लावून पाहिले. केंद्राची नावं वेगळी, आवाज तोच. तो कमिशनवर माणसं पुरवणारा एजंट होता.

आम्ही अडाणी नाही. पण अठरा वर्षं घरात दारू असली, रोज संध्याकाळी माणूस पडायच्या बेतात घरी येत असला, तर ‘आम्ही येतो, घेऊन जातो, तुम्ही फक्त सही करा’ म्हणणारा देवासारखा वाटतो. वहिनीला कोणी बोल लावू नये. ती सगळे दरवाजे ठोठावून झाली होती.

११ मार्च २०२५, मंगळवार, होळीच्या दोन दिवस आधी. रात्री आठला पांढरी बोलेरो आली, तिघे उतरले. दादाचे हात त्यांनी दोरीवरच्या टॉवेलने बांधले. ‘पिकअप’ म्हणतात याला. एवढ्यावरूनच समजायला हवं होतं. दवाखाना कधी टॉवेलने हात बांधून पेशंट नेत नाही. कायद्यातही शारीरिक बंधन घालायचं तर मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, आणि तेही तातडीचा धोका टाळायला, तेवढ्याच वेळेपुरतं.

पण मला रात्रंदिवस टोचतो तो क्षण त्यानंतरचा. हायवेलगतचा दोनमजली बंगला, खाली शटर. आत टेबल, त्यावर पावतीपुस्तक आणि क्यूआर कोड. मॅनेजरने चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. नोकरी पक्की आहे का, घर कोणाच्या नावावर, एटीएम कार्ड कोणाकडे, मेडिक्लेम किती, नातेवाइकांत पोलिस किंवा वकील कोणी आहे का. दादाने शेवटची दारू कधी घेतली, हे विचारलं नाही. रोज किती पितो, पूर्वी कधी फिट आली होती का, साखर आहे का, काविळी होऊन गेल्या का, यातलं एकही नाही. ब्लड प्रेशर घेतलं नाही. मी समोर बसलो होतो. पावतीवर ‘देणगी’ छापलंय हेही दिसलं होतं. ‘टॅक्समध्ये सूट मिळेल’ म्हणाले, मी मान डोलावली.

या आजाराची ओळख असलेला कोणीही पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत चढ्या सुरात काम करायला शिकतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, चढा सूर तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. फिट आलीच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत. त्यानंतर ४८ ते ९६ तासांच्या पट्ट्यात डेलिरियम ट्रेमेन्स. माणसाला दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. शेवटचा घोट कधीचा हे माहीत असेल तरच घड्याळ लावता येतं.

उपाय जुने आणि साधे आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी पुरेशा डोसने सुरू करून साधारण पाच ते सात दिवसांत उतरवत न्यायची. लिव्हर फार खराब असेल तर लोराझेपाम. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं. दर काही तासांनी नाडी, बीपी, थरथर यांची नोंद. आणि एक बाब कधीही उलटी करायची नाही, आधी थायमिन, मग ग्लुकोज. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, तोल जातो, स्मरणशक्ती जाते. आमच्या १४,००० च्या डिटॉक्स पॅकेजमध्ये काय होतं? दादाच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या रात्री ‘ताकदीची’ ग्लुकोजची बाटली आणि रोज संध्याकाळी एक पिवळी गोळी. गोळीचं नाव कुठल्याही कागदावर नाही. थायमिनचा उल्लेख नाही. रात्री नर्स नाही. चावी एका जुन्या पेशंटकडे, त्याला ‘वॉर्डन’ म्हणायचे.

१२ तारखेच्या मध्यरात्री दादाला फिट आली. शेवटच्या घोटाला बत्तीसेक तास झाले होते, म्हणजे अगदी पुस्तकात लिहिलेल्या वेळेला. वॉर्डनने कांदा हुंगवला आणि मग ‘नाटक करतोस’ म्हणून पट्ट्याने मारलं. जिभेची कड अजून तुटलेली आहे. धुळवडीच्या सकाळी वहिनीने फोन केला तर उत्तर आलं, ‘मस्त आहेत, पुरणपोळी खाल्ली.’ फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. कांदा नाही, चप्पल नाही.

पाडव्याला दोन मिनिटं बोलू द्या म्हटलं. ‘पहिला महिना फॅमिली कॉन्टॅक्ट बंद, पेशंट इमोशनल होतो’. आम्ही हेही मानलं, कारण ऐकायला शास्त्रीय वाटलं. वास्तविक फोन करायचा आणि घरच्यांना भेटायचा हक्क कायद्याने पेशंटला दिलेला आहे. महिनाभर माणूस दाखवत नाहीत याचा अर्थ दाखवण्याजोगा राहिलेला नाही, एवढाच घ्या.

कळलं ते २६ व्या दिवशी, तिथून सुटलेल्या एका मुलाने दादाने पाठ करून दिलेल्या नंबरवर फोन केला तेव्हा. ८ एप्रिलला दादाला बाहेर काढलं आणि तसंच सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या निवासी डॉक्टरने केसपेपरवर नाव लिहिता लिहिताच विचारलं, ‘शेवटची कधी घेतली होती?’

कागदांबद्दल. ४,८०० च्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख १० मार्च आहे. दादा त्या दिवशी घरी होता. भिंतीवर फ्रेम केलेली चार प्रमाणपत्रं होती, ट्रस्ट नोंदणी, एनजीओ दर्पणचा क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओ. चारांपैकी एकानेही पेशंट ठेवायचा परवाना मिळत नाही. ट्रस्ट नोंदणी भजनी मंडळाचीही असते. लागतो तो मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खालचा नोंदणी दाखला. दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक स्थिती या कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे ‘आम्ही मनोरुग्णालय नाही, आम्हाला लागू नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. दाखल्यावरचं नाव आणि पत्ता तुम्ही उभे आहात त्याच इमारतीचा आहे का ते वाचा. तात्पुरती नोंदणी १२ महिन्यांचीच असते, तारीख बघा.

आणि सही. प्यायलेल्या दादाकडून ‘स्वेच्छेने दाखल’ अशा फॉर्मवर सही घेतली, वहिनीकडून कोऱ्या रकान्यांवर. स्वेच्छेने दाखल झालेला पेशंट मागेल तेव्हा बाहेर पडू शकतो, तपासणीसाठी त्याला फार तर २४ तास थांबवता येतं. मनाविरुद्ध ठेवायचं तर याच कायद्याचं कलम ८९. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा अर्ज, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळी केलेली तपासणी, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवणं, आणि मुदत ३० दिवस. त्यापुढे दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. म्हणजे ‘तीन महिन्यांचं पॅकेज, मधे सोडत नाही’ हे वाक्य कुठल्याच कलमात बसत नाही. हे मला ११ मार्चला माहीत असतं तर!

आता कार्यालयांचं. पोलिस ठाण्यात ठाणे अंमलदाराने फॉर्म पाहिला आणि म्हणाला, ‘सही तुमचीच आहे, पैसे तुम्हीच दिलेत, सिव्हिल मॅटर आहे.’ डांबून ठेवणं आणि मारहाण कधीपासून सिव्हिल झाली? भारतीय न्याय संहितेत बेकायदा डांबण्याचं कलम १२७ आहे, फसवणुकीचं ३१८ आहे, दोन्ही लिहून नेली होती. अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला, गुन्हा नाही. आरोग्य खात्याच्या जिल्हा कार्यालयात सांगितलं, व्यसनमुक्ती म्हणजे समाजकल्याण. समाजकल्याणमध्ये सांगितलं, आम्ही फक्त अनुदानित केंद्रं बघतो. धर्मादाय कार्यालयात सांगितलं, आम्ही हिशेब बघतो, पेशंट नाही. परत आरोग्य खात्यात. तिथल्या लिपिकाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ नावाचं काही असतं हेच ऐकून माहीत नव्हतं, मी कायद्याची प्रत टेबलावर ठेवली तर म्हणाला, ‘झेरॉक्स ठेवून जा.’ सहा खेपा झाल्या. प्रत्येक ठिकाणी पंख्याखाली बसलेल्या माणसाने दादाकडे असं पाहिलं, जणू दारुड्याच्या अंगावरच्या वळांची नोंद करायची नसते. एका साहेबांनी तोंडावर विचारलं, ‘सुटली ना दारू? मग?’ आणि समजा सगळं सिद्ध झालंच, तर विनानोंदणी केंद्र चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड ५,००० ते ५०,००० रुपये. आमच्या एका माणसाकडून त्यांनी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेतले.

उरलेल्या दोन महिन्यांचे ४४,००० मागितले. ‘देणगी परत मिळत नाही.’ त्या एका छापील शब्दासाठी पावतीपुस्तक होतं. फीची पावती फी म्हणूनच घ्या, नाहीतर पैसे देऊ नका. व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर तर एक रुपयाही नाही. महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भरू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही आता तक्रार केली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. उपचारांची कागदपत्रं लेखी मागा, तो पेशंटचा हक्क आहे. त्यांनी दिली नाहीत तर तेही तक्रारीत जातं. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे.

आणखी एक, कारण हे आमच्या डोळ्यांसमोर घडता घडता राहिलं. निघताना मॅनेजरने वहिनीच्या हातात पांढऱ्या पुडीची बाटली ठेवली, ‘आमटीत घाला, कळणारही नाही’. ते बहुधा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू पोटात गेली तर बीपी कोसळतं, हृदयाला धोका होतो, आणि गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ते औषध पेशंटला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. चोरून कधीच नाही.

ब्राऊन शुगरवाल्या घरांसाठी वेगळं. महिना-दोन महिने डांबून ठेवलेल्या मुलाच्या शरीराची सवय गेलेली असते. सुटल्यावर त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबतो. ‘आता बरा झाला’ म्हणून मोकळा सोडू नका. बुप्रेनॉर्फिनसारखं, ही नशा सोडवायला देतात ते औषध कुठे मिळेल ते सरकारी केंद्रात विचारा.

कुठे जायचं म्हणाल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन, अनुदानित केंद्रांचे पत्ते तिथे मिळतात. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे कार्यक्रम ३५ दिवसांचा, आणि घरच्यांनाही त्यात बसवतात. खासगी जागी जायचंच असेल तर दिवसा, न कळवता जा. झोपायची खोली बघा, संडासाला आतून कडी आहे का बघा, औषधांचं कपाट उघडायला सांगा, डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि रात्री दोनला कोण असतं ते विचारा.

त्या बंगल्यात जिन्याखाली जाळीचं कपाट होतं, कुलूप लावलेलं. पळून जाऊ नयेत म्हणून सगळ्यांच्या चपला त्यात. दादाची त्यांनी दिलीच नाही, तो अनवाणी बाहेर आला. तो सही करत होता तेवढ्यात मी मोजल्या, सत्तावीस जोड. एक जोड शाळेच्या काळ्या बुटांचा होता. अर्जात हे लिहिलंय, तरी अजून कोणी तपासायला गेलेलं नाही. त्यातल्या कोणाच्या घरचे हे वाचत असतील तर उद्यावर ढकलू नका. दोघं-चौघं मिळून दिवसाउजेडी जा, आणि माणूस समोर आणून उभा करा म्हणा.